मेगुतीच्या मागची दगडी घरं

कर्नाटकातल्या ऐहोळेला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या कुणालाही विचारा, काय काय बघितलं? दुर्ग देऊळ, लाडखान, रावणफडी, आणि पायात दम असेल तर डोंगरावरचं मेगुती देऊळ. मेगुतीवर जाऊन शिलालेखासोबत फोटो काढायचा, वारा खायचा आणि खाली उतरून जेवायला. देवळाच्या मागं गेलावता का म्हटलं की समोरचा म्हणतो, मागं काय, डोंगरच हाय की.

त्या डोंगरावर काय आहे ते सांगतो. चाळीस-पंचेचाळीस दगडी घरं आहेत, म्हणजे घरं म्हणायची पण आत कोण राहत नव्हतं, मेलेल्यांसाठी बांधलेली, देवळापेक्षा हजारेक वर्षं जुनी. आणि डोंगराच्या कडेनं किल्ल्याचा तट आहे, चालुक्यांच्या काळातला म्हणतात. दोन्ही पडझड झालेलं. मला खरं तर देवळांपेक्षा हेच बघायचं होतं, आणि एवढ्या लांब दगडाची थडगी बघायला जायचं म्हटल्यावर घरात जी प्रतिक्रिया आली ती इथं लिहीत नाही. इरकल साडी आणायच्या अटीवर परवानगी मिळाली एवढंच सांगतो. (इलकल गाव ऐहोळेपासून जवळ आहे, त्यामुळे ही अट घालणाऱ्यानं नकाशा बघून घातली होती.)

सोबत गडहिंग्लजचा दोस्त. त्याला कन्नड चांगलं येतं, गाडी त्याची, आणि मुख्य म्हणजे त्याचा बाप विहिरी खोदायची कामं घ्यायचा त्यामुळे ह्याला दगड कळतो. मला पुस्तकातलं थोडंफार माहीत होतं पण डोंगरावर उभं राहून जे डोक्यात शिरलं ते ह्याच्यामुळं, म्हणून त्याचं श्रेय त्याला. नाव लिहू नको म्हणालाय.

कोल्हापुरातनं पहाटे निघालो. कागल, निपाणी, संकेश्वर, आणि मग हायवे सोडून गोकाककडं. इथपर्यंत दोन्ही बाजूला आपलाच दगड, काळा, बेसाल्ट, ज्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पन्हाळा ह्याच्यावरच, वर फक्त जांभ्याची टोपी. आपण लहानपणापासनं दगड म्हटलं की हाच डोळ्यासमोर आणतो. आणि मग गोकाकच्या धबधब्याला आपण थांबतो, चहा पितो, झुलत्या पुलाकडं बघतो, घटप्रभा पन्नासेक मीटर खाली पडताना बघतो, आणि दोस्त म्हणतो, "कडा बघ कडा. पाणी काय बघालाईस."

कडा खरंच वेगळा. आडव्या थरांचा, तांबूस-पिवळट. इथनं पूर्वेला काळा दगड संपत जातो आणि वाळूचा दगड लागतो, कलादगी खोऱ्यातला, बागलकोटजवळच्या कलादगी गावाच्या नावानं भूगर्भवाले त्याला ओळखतात. हा आपल्या लाव्हाच्या कितीतरी आधीचा. पाण्याखाली वाळूचे थर बसत गेले, वरनं दाब आला, दगड झाला. बदामीचे लालभडक कडे ह्याच कुटुंबातले. कोल्हापूरचा माणूस बदामीला पहिल्यांदा जातो तेव्हा तो रंग बघूनच गार होतो.

गोकाकच्या अगदी शेजारी कोण्णूर म्हणून गाव आहे, तिथंही असली दगडी थडगी आहेत, गावातली माणसं त्यांना पांडवांची घरं म्हणतात. जाताना तिकडं वळूया का असं मी म्हटलं, पण ऊन चढायच्या आत मेगुतीवर पोचायचं होतं म्हणून पुढं काढलं. लोकापूर, बागलकोट, अमीनगड, ऐहोळे. बागलकोटच्या पुढं रस्त्यात एका घरगुती खानावळीत जेवलो, ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. ही चटणी आणि आपली चटणी ह्यातली चांगली कुठली ह्यावर गाडीत जो वाद झाला तो इथं नको.

मेगुतीच्या पायऱ्या गावातनंच वर जातात. अर्ध्या वाटेवर दोन मजली बौद्ध लेणं-वजा-देऊळ लागतं, अर्धं कोरलेलं अर्धं बांधलेलं, वरच्या छताला बुद्ध. तिथं सावली आहे म्हणून सगळे टेकतात आणि फारसं न बघता उठतात. मग वर तट लागतो. मोठमोठे चौकोनी ठोकळे, चुना नाही, एकावर एक नुसते बसवलेले, मधे मधे बुरूज. आपण ज्याला किल्ला म्हणतो त्याच्या मानानं हा लहान. पन्हाळ्याचा तीन दरवाजा बघून मोठा झालेला माणूस ह्या तटाला सुरुवातीला फारसा भाव देत नाही. आणि आता तर पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आलाय, २०२५ च्या जुलैत, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून, त्यामुळे कोल्हापूरकराच्या नाकाचा शेंडा आणखी वर. पण थोडं थांबून विचार केला की लक्षात येतं, पन्हाळा बांधायला घेतला तो शिलाहार भोजानं, बाराव्या शतकाच्या शेवटी. हा तट त्याच्या कितीतरी शतकं आधीचा. इथं किल्ला म्हणजे काय असतं हे माणसं अजून ठरवत होती म्हणा की.

वर मेगुती देऊळ. पूर्वेच्या भिंतीवर शिलालेख, एकोणीस ओळींचा, जैन कवी रविकीर्तीनं रचलेला, शके ५५६ म्हणजे इसवी सन ६३४-३५. दुसरा पुलकेशी हा त्याचा राजा आणि कौतुकाला काही सुमार नाही. हर्षवर्धनाला हरवलं, अमक्याला पळवून लावलं, तमक्याला मांडलिक केलं. स्वतःबद्दलही कमी नाही, आपण कवितेत कालिदास आणि भारवीच्या तोडीचे आहोत असं तो दगडावर कोरून ठेवतो. आज सोशल मीडियावर असतं तर बायोमध्ये लिहिलं असतं. पण मराठी माणसानं थांबावं ती जागा म्हणजे पुलकेशी तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यातल्या नव्व्याण्णव हजार गावांचा स्वामी झाला असं ज्या श्लोकात आलंय तो. ९९,००० हा आकडा मोजून आलेला नसणार, राजाच्या भाटानं सांगितलेला आकडा आहे, तरी त्या भिंतीसमोर उभं राहून आपल्या मुलखाचा उल्लेख एवढा जुना सापडतो ह्याचं बरं वाटतंच, खोटं कशाला बोला.

आणि त्याच लेखात रविकीर्ती कालगणना देतो. शक वर्ष तर देतोच, पण भारती युद्धाला ३,७३५ वर्षं झाली असंही सांगतो. म्हणजे ह्या गृहस्थाला काळ मोजायची हौस होती. आणि हे लिहीत असताना त्याच्या पाठीमागं, ह्याच डोंगरावर, त्याच्याही आधी हजारेक वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी उभी होती. त्याला ती दिसली नसतील हे शक्यच नाही. देवळाला दगड काढणाऱ्या पाथरवटांनी तर ती रोज बघितली असणार. लेखात त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. राजाच्या स्तुतीत ती बसत नव्हती, एवढंच.

मागं जायला पाटी मला दिसली नाही. गवतातनं पायवाट आहे, तीही शेळ्यांची. शेळ्या राखणारे एक आजोबा खडकावर बसले होते, दोस्तानं "अज्जा" म्हणून हाक मारली, गडहिंग्लजचं कन्नड आणि तिथलं कन्नड ह्यात थोडा झगडा झाला, पण "मोरेर मने" म्हटल्यावर आजोबांनी काठीनं दिशा दाखवली. मोरेर मने म्हणजे मोरेर लोकांची घरं. कोण हे मोरेर, तर आजोबा म्हणाले आपल्या आधी इथं बुटकी माणसं राहायची, त्यांची घरं. हे नुसतं त्यांचंच म्हणणं नाही. तिकडं कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेनकल म्हणून ठिकाण आहे, अशा थडग्यांची मोठी वसाहतच आहे, शेकड्यांनी, २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलेली, तिथंही लोक मोर्यर नावाची ठेंगणी माणसं सांगतात. आणि घरं बघितल्यावर तसं का वाटतं ते कळतं. कमरेएवढी उंची, माणूस सरळ उभा राहूच शकत नाही. मग राहणारा बुटकाच असणार. तर्क चुकीचा नाही, फक्त आत राहणारा जिवंत होता हे गृहीत धरलंय.

बांधणी अगदी सोपी. तीन बाजूंना तीन फरश्या उभ्या, वर एक मोठी फरशी छत म्हणून, आणि पुढच्या बाजूला चौथी फरशी, तिला गोल भोक. भोक चांगलं घासून घोटून केलेलं, हात सहज जाईल असं. ह्या भोकासाठी अभ्यासकांचं साधारण म्हणणं असं की थडगं एकदा बंद करून विषय संपत नव्हता, नंतर घराण्यातलं आणखी कुणी गेलं की त्याची हाडं, किंवा नैवेद्याची भांडी, ह्यातनं आत ठेवली जायची. म्हणजे एका माणसाचं थडगं नाही, कुटुंबाचं. दक्षिणेतल्या असल्या थडग्यांत काळी-तांबडी भांडी आणि लोखंडाच्या वस्तू सापडतात. काळ लोहयुगाचा, इसवी सनापूर्वी हजार ते दोन-तीनशे असा ढोबळमानानं धरतात. १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलरनं कर्नाटकातच ब्रह्मगिरीला उत्खनन केलं तेव्हा ह्या महापाषाणवाल्यांचा, म्हणजे असली मोठ्या दगडांची थडगी बांधणाऱ्यांचा, काळ पहिल्यांदा जरा नीट बसवता आला.

आता पडझड. सरळ उभी आणि छतासकट शाबूत अशी थोडीच. बाकी कुठं छत घसरलंय, कुठं बाजूची फरशी आडवी, कुठं नुसता खड्डा आणि भोवती तुकडे. बरीचशी मोडलीत ती गुप्तधनवाल्यांनी. दगडाखाली सोनं असतं ही आपल्या सगळ्यांची जुनी खोड. आपल्याकडंही गडावर, पडक्या मठात, नागाच्या वारुळाखाली लोक रात्री उकरत असतातच की. गंमत अशी की ह्या थडग्यांत सापडायचं ते मडक्याचे तुकडे, हाडं आणि गंजकं लोखंड. ते ह्या लोकांनी फेकून दिलं असणार, आणि नेमकं तेच काय ते मोलाचं होतं. एका शाबूत घराच्या छताखाली दारूच्या बाटल्या, आणि भोकाच्या फरशीवर बदामात दोन नावं. बदाम काढणाऱ्याचं कन्नड अक्षर चांगलं होतं, एवढं मान्य करतो.

मी फोटो काढत फिरत होतो तोवर दोस्त डोंगराच्या कडेला पालथा पडून काहीतरी बघत होता. बोलावलं म्हणून गेलो. कड्याच्या काठाला दगडाचे थर आपोआप सुटलेले, खारी बिस्किटाचे पापुद्रे सुटतात तसे, एक-एक वीतभर जाडीचा, आणि उभ्या चिरा पडून त्यांचे आयताकृती तुकडे झालेले. तो म्हणाला, "हे बघ. ह्यांना फोडायला लागलंच नाही. पहार घालून उचलायचं आणि सरकवत न्यायचं, बास." मी म्हटलं एवढं वजन? तर म्हणाला पंधरा-वीस माणसं, लाकडाचे ओंडके आणि दोर, त्याच्या बापानं विहिरीतनं ह्यापेक्षा मोठे धोंडे काढलेत. मग त्यानं जे सांगितलं त्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय. हा दगड फरशी देतो म्हणून इथं घरं झाली. आपला दगड फरशी देत नाही.

आणि ते पटतं, कारण विदर्भातली शिळावर्तुळं मी बघितलीत. नागपुरात पाहुणे आहेत, एका लग्नाला गेलो असताना काटोल रोडच्या जुनापाणीला एक चक्कर टाकली होती. तिथं घर-बीर काही नाही, जमिनीवर गोल रिंगण, मोठमोठ्या धोंड्यांचं, मधे माती-खड्यांचा उंचवटा, आणि अशी रिंगणं तीनशेच्या आसपास. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ती उकरली, नंतर १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी पद्धतशीर खोदलं. काही धोंड्यांवर वाटीसारखे खोलगट ठिपके ओळीनं कोरलेत, त्यांचा ताऱ्यांशी संबंध आहे का ह्यावर अभ्यास झालेत. माहुरझरीला अशाच वर्तुळांत माणसासोबत घोडे पुरलेले सापडले, घोड्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या दागिन्यासकट. नाईकुंडला लोखंड गाळायची भट्टी. म्हणजे लोक कसलेले होते, फरशी हवी असती तर त्यांनी काहीतरी केलंच असतं. पण दगड कुठला? तोच, डेक्कन ट्रॅप. तो फुटतो ठोकळ्यात, आणि उन्हापावसानं झिजला की कांदा सोलल्यागत गोल होत जातो. शेतात गोल धोंडे मुबलक, मग रिंगण झालं.

श्रद्धा साधारण एकाच घरातली, मेलेल्याची जागा मोठ्या दगडांनी राखायची. जिथं धोंडे मिळाले तिथं वर्तुळ, जिथं फरश्या मिळाल्या तिथं घर. कोण्णूरची थडगी गोकाकच्या त्या कड्याच्याच दगडाची, म्हणजे काळा दगड संपतो तिथंच घरं चालू. नकाशावर भूगर्भाचे रंग आणि थडग्यांचे प्रकार शेजारी ठेवले तर जवळपास सगळं दगडावरनंच ओळखता येईल असं माझं मत झालंय. कुणी पुरातत्त्वातला माणूस म्हणेल एवढं सोपं नसतं बाबा, रीतभात असते, वेगवेगळे समूह असतात, एकाच गावात दोन्ही प्रकार सापडतात. खरंय. पण डोंगरावर उभं राहून पायाखालची फरशी आणि समोरच्या घराची फरशी एकाच जाडीची दिसली की दुसरं काही सुचत नाही.

आणि मग तट परत बघितला. येताना ज्याला भाव दिला नव्हता तो. तेच थर, तीच आडवी चीर, फक्त आता फरशीऐवजी जाड थर निवडून ठोकळे काढलेत. देवळाचंही तेच. ऐहोळेत शंभरावर देवळं एवढ्याशा गावात का झाली, ह्याला राजे, व्यापारी, कारागिरांचे संघ सगळं आहेच, पण पाथरवटाला इथं हातोडा मारला की पाहिजे तसा तुकडा मिळत होता हेही आहे. आधीच्या माणसांनी ह्या डोंगरावर पातळ थर उचलून मेलेल्यांना घरं दिली, मग हजार वर्षांनी चालुक्यांनी जाड थर काढून तट घातला आणि जैन देऊळ बांधलं. खाण एकच.

मला एक प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर दोस्ताकडंही नव्हतं. तट बांधताना तयार फरश्या उभ्या होत्या, हाताशी, काढायचे कष्ट नाहीत. त्या सगळ्याच्या सगळ्या का नाही उचलल्या? काही गेल्या असतील, पण चाळीसवर घरं राहिली. त्याचं म्हणणं तटाला पातळ फरशी उपयोगाची नाही. माझं म्हणणं थोडी भीतीही असणार. मेलेल्याच्या घराचा दगड आपल्या भिंतीला लावायला आजही कोण तयार होईल? आमच्याकडं मसणवटीतलं वाळलेलं लाकूडसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. पाथरवटही आपल्यासारखीच माणसं.

कोल्हापुरात जुनं म्हणजे किती जुनं, तर ब्रह्मपुरी. पंचगंगेच्या काठची टेकडी, १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी खोदली, सातवाहन काळातलं गाव निघालं. तिथल्याच आधीच्या सापडीतला पोसायडनचा लहानसा ब्राँझचा पुतळा टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, ग्रीक समुद्रदेव, कोल्हापुरात. कितीतरी कोल्हापूरकर टाऊन हॉलच्या बागेत झाडाखाली बसून भेळ खाऊन परत येतात आणि आत जात नाहीत. आता मेगुतीच्या मागं न जाणाऱ्यांना मी नावं कुठल्या तोंडानं ठेवू.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पावसाळा संपून गवत वाळलं की जा, नोव्हेंबर ते जानेवारी बरं, एप्रिल-मेमध्ये तो दगड तापला की वर थांबवत नाही. सावली फक्त देवळात. बूट घाला, काठी असू द्या, फरशीच्या फटीत हात घालू नका, विंचू-सापाला ह्यापेक्षा चांगलं घर कुठं मिळणार. घरांच्या छतावर चढून फोटो काढू नका, ती फरशी किती शतकं टेकलीय आणि तुमच्या वजनानं ती टेकणं संपेल. रेल्वेनं यायचं तर बदामी आणि बागलकोट दोन्ही सोलापूर-गदग मार्गावर आहेत. खाली म्युझियममध्ये मेगुतीवरची अंबिकेची मूर्ती ठेवलीय, ती बघितल्याशिवाय परतू नका, वर देवळात जे रितं रितं वाटतं ते थोडं भरून निघतं. कन्नड बोलणारा कुणी सोबत असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर मराठीच बोला, तिकडं बऱ्याच जणांना कळतं, फक्त आवाज चढवू नका, आपल्या कोल्हापुरी बोलण्यानं समोरच्याला भांडण वाटतं.

येताना अमीनगडचं करदंट (तिथली मिठाई) घेतलं, साडी घेतली (रंग पसंत पडला, देवाची कृपा), आणि गोकाकला पोचेपर्यंत अंधार पडला म्हणून कोण्णूर परत राहिलं. आता डिसेंबरमध्ये फक्त कोण्णूरसाठी जायचं ठरलंय. गाडी तोच काढणार, डिझेल माझं.